सैल सोडलेला हँडब्रेक

गाडी शिकवण्याच्या धंद्यात माझी एकतीस वर्षं गेली. शिकायला येणारे सगळे मोठे, पण माझा जीव पोरांत. रविवारी क्लास बंद असला की गल्लीतली पोरं गाडीभोवती जमायची आणि मी बॉनेट उघडून त्यांना उत्तरं देत बसायचो. पाणी कुठे जातं, हॉर्न कुठून वाजतो, स्टिअरिंग वळवलं की आत काय हलतं. मोठ्या माणसांना एखादी गोष्ट कळली नाही तर ती कळल्यासारखा चेहरा करतात. पोरं सरळ "नाही कळलं" म्हणतात आणि आपल्या तोंडाकडे बघत उभी राहतात. मग आपल्याला दुसऱ्या बाजूने सांगावं लागतं. त्यात मला कधी कंटाळा आला नाही.

म्हणून भाचीने फोन करून "मामा, फिरकीला तुम्हीच समजावा, तुम्हाला जमतं ते," असं म्हटलं तेव्हा नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. खरं तर हो म्हणायलाही नव्हतं.

फिरकी ही भाचीची मुलगी. वय नऊ. एका जागी उभं राहून बोलणं तिला कधीच जमलं नाही, म्हणून हे नाव पडलं. नऊ दिवसांपूर्वी तिच्या बापाचा पाय गाडी आणि दिव्याचा खांब यांच्यामध्ये सापडून मोडला होता, आणि तो आपल्यामुळे मोडला असं ती धरून बसली होती. तेव्हापासून ती गाडीत बसायला तयार नव्हती. शाळेत चालत जायची, चालत यायची, आणि घरात भिंतीच्या कडेकडेने वावरायची. घरातले सगळेही तसंच धरून चालले होते. तो पाय कोणामुळे मोडला हे मला एकट्याला माहीत होतं.

झालं होतं ते असं. भाचेजावई शिंपी आहेत. दुकान खाली, घर वर, आणि समोरचा रस्ता चांगलाच उताराचा. त्या दिवशी सकाळी भाचीने दुकानासमोर चढाकडे तोंड करून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि विसरलेली पिशवी आणायला वर गेली. जावई मागे उभे राहून डिकीत गणवेशांचे गठ्ठे रचत होते. फिरकी स्टिअरिंगमागच्या सीटवर बसून आईची नक्कल करत होती. सीटच्या कडेला सरकून तिने पाय ताणून क्लच दाबला, गिअर काढला आणि तोंडाने इंजिनाचा आवाज केला. गाडी मागे निघाली. फार जोरात नाही, माणूस चालेल इतकीच. पण जावयांच्या मागे चार पावलांवर खांब होता. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

भाची धावत खाली आली ती थेट फिरकीकडे, आणि रस्त्यात सगळ्यांदेखत तिने पोरीच्या थोबाडीत मारली.

मला कळलं तोवर सगळे दवाखान्यात होते. गाडी रस्त्यात आडवी राहिली आहे, तेवढी बाजूला घ्या, असा निरोप आला म्हणून मी गेलो. गाडी सपाटीला नेऊन उभी केली आणि सवयीने हँडब्रेक ओढला. लिव्हर वर आली, येतच राहिली. पार उभी होईपर्यंत हाताला काही लागलंच नाही. मी तसाच हातात लिव्हर धरून बसलो.

ती गाडी माझी होती. माझ्या क्लासची. दोन वर्षांपूर्वी क्लास बंद केला तेव्हा मी ती भाचीला दिली होती. ती गाडी शिकली तीही याच गाडीवर, माझ्याच शेजारी बसून.

शिकाऊ माणसाची एक खोड असते. निघताना हँडब्रेक सोडायचा विसरतो आणि गाडी तशीच रेटत नेतो. मागच्या चाकातले ब्रेकचे लायनर घासून जळतात, वास सुटतो, धूर येतो. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मी तीनदा लायनर बदलले आणि मग वैतागून लिव्हरखालचा नट सैल करून टाकला. लिव्हर वर यायची, कटकट वाजायची, शिकणाऱ्याला ओढायची आणि सोडायची सवय लागायची, पण मागच्या चाकांना त्याचा पत्ता नसायचा. मला भीती नव्हती, कारण माझ्या बाजूला माझा वेगळा ब्रेक होता आणि माझा पाय कायम त्यावर असायचा. उभी करताना मी सगळ्यांकडून पहिला गिअर टाकून घ्यायचो. गाडी कधी इंचभर हलली नाही. ही युक्ती मी दुसऱ्या एका क्लासवाल्यालाही अभिमानाने सांगितली होती.

गाडी भाचीला देताना मेकॅनिककडून माझ्या बाजूचा ब्रेक काढून घेतला. सीटकव्हर बदलली, दारावरची क्लासची पाटी खरवडून काढली. नट राहिला. आणि भाचीला तरी कसं कळणार? घट्ट हँडब्रेक हाताला कसा लागतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे शिकलेल्या कोणीच पाहिलं नसेल.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहा नंबरचा पाना घेऊन गेलो आणि नट आवळला. गाडीत हात घालून बसलेला मला शेजारच्या किराणावाल्याने पाहिलं. "काय मास्तर, बिघडली का?" त्याने विचारलं. "नाही, जरा बघतोय," मी म्हणालो. लायनर जवळजवळ नवेच होते, बारा वर्षांत त्यांना कामच पडलं नव्हतं. ब्रेक छान लागला. मी पाना पिशवीत टाकला आणि जावयांना बघायला दवाखान्यात गेलो.

आज सांगू, उद्या सांगू. घरी आणल्यावर सांगू. दुखणं जरा कमी झाल्यावर सांगू. असे नऊ दिवस गेले. मी रोज जायचो, फळं न्यायचो, चहा घ्यायचो.

दहाव्या दिवशी रविवार होता. मी दुकानात शिरलो तर जावई बाकावर पाय लांब करून बसले होते, प्लास्टर उशीवर, मांडीवर सदरा, हातात सुई. मशीन चालवता येत नाही म्हणून काज-बटणं करत होते.

"या मामा. उठलो असतो, पण डॉक्टरांनी माझं फर्निचर केलंय."

"बसा हो. दुखतंय का?"

"पायाचं काही नाही, खाज सुटते त्याचं दुःख आहे. हिच्याकडे विणायची सुई मागितली तर सुई लपवून ठेवली." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुमच्या विद्यार्थिनीची विद्यार्थिनी आत आहे बघा. तिने तर मला खांबाला पार्क केलं, लायसन्स नसताना."

ते हसले. मीही हसल्यासारखं केलं. पडद्यामागून फिरकी आली आणि माझ्या जवळ न येता कापडाच्या ठाणांना टेकून उभी राहिली. पूर्वी ती आल्या आल्या माझ्या पिशवीत हात घालायची.

"आईने सांगितलं म्हणून आलात ना?" तिने विचारलं.

"हो."

"मी गाडीत नाही बसणार."

"नको बसू. मला बटणांचा तो गोल डबा दे. रिकामा करून."

तिने बापाकडे पाहिलं. "मिसळू नका हं बटणं," बाप म्हणाला. तिने ती कागदावर ओतली आणि डबा आणून दिला. पत्र्याचा, रुंद तोंडाचा डबा होता. मी तो आडवा धरला.

"दोन्ही हात आत घाल. तळवे पाठीला पाठ लावून. हां. आता हा डबा म्हणजे चाकाच्या आतला ड्रम. चाक फिरलं की हा फिरतो. तुझे तळवे म्हणजे दोन लायनर. ते फिरत नाहीत, जागेवर असतात."

मी डबा फिरवला. तो तिच्या हातांभोवती खडखड फिरला.

"आता तळवे बाहेरच्या बाजूला दाब."

डबा थांबला.

"फिरवा ना जोरात," ती म्हणाली.

"फिरवतोय."

"खोटं."

"खरंच. म्हातारा झालोय, पण एवढाही नाही."

तिला जरा हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मी डबा फिरवायचा प्रयत्न करत राहिलो आणि ती दात आवळून तळवे दाबत राहिली. बाकावरून जावई बघत होते.

"पण यांना दाबा म्हणून कोण सांगतं?"

"तुझ्या सायकलला ब्रेकची वायर आहे ना? तशीच याला जाड वायर असते. पुढे लिव्हर ओढली की वायर खेचली जाते आणि मागच्या चाकातले लायनर बाहेर दाबले जातात. लिव्हरला खाली दाते असतात. तिथे एक खिट्टी अडकते, म्हणून हात सोडला तरी लिव्हर खाली पडत नाही. वर बटण दाबलं की खिट्टी सुटते."

"मग पायाचा ब्रेक कशाला?"

"गाडी चालू असताना थांबवायला. पण उतरताना पाय आपण बरोबर घेऊन जातो ना. गाडीत मागे राहतो तो हँडब्रेक."

तिला हे पटलं. मान हलवताना तिचा एक पायही हलायला लागला. मी पुढे सांगत गेलो. गाडी उभी केली की दर वेळी ओढायचा, सपाटीलासुद्धा. आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी पाय उचलायचा. म्हणजे गाडीचा भार हँडब्रेकवर येतो, गिअर नुसता जोडीला असतो. उतारावर तोंड खाली असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे, चढाकडे असेल तर रस्त्याकडे वळवून ठेवायची. निघताना आठवणीने सोडायचा. शिकवताना माझा आवाज आपोआप सुटतो. इतका वेळ छातीवर असलेलं ओझं मी विसरलो, याची मला आजही शरम वाटते.

"बाहेर ये. बसू नको. दार उघडून मी ओढतो, तू नुसतं बघ."

ती आली. फुटपाथवर, गाडीपासून दोन हात लांब उभी राहिली. मी बसलो आणि लिव्हर ओढली.

"परत," ती म्हणाली.

मी सोडून परत ओढली.

"पाचच?"

"काय पाच?"

"पाच वेळा वाजलं. आई ओढते तेव्हा अकरा वाजतात."

माझा हात लिव्हरवर होता, तो तिथेच राहिला.

"कशावरून म्हणतेस?"

"मी रोज मोजते. शाळेपाशी पण, इथे पण. आईचे अकरा असतात. कधीकधी दहा."

"त्या दिवशी?"

"अकरा. आईने नीट ओढला होता." तिने बोटांची टोकं एकमेकांत घुसवली. "म्हणून तर. आईचं काही चुकलं नव्हतं. मी क्लच दाबला म्हणून ते तळवे सुटले."

"नाही. क्लचचा आणि त्यांचा काही संबंध नाही. क्लचने इंजिन सुटतं. लायनर तसेच दाबलेले राहतात."

"मग गाडी कशी गेली?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. गाडी जुनी आहे, असं म्हणता आलं असतं. असं होतं कधीकधी, असंही म्हणता आलं असतं. मी काहीही सांगितलं असतं तरी तिने ते खरं मानलं असतं, कारण मीच तिला इतकी वर्षं गाडीतलं सगळं सांगत आलो होतो.

"लायनर ड्रमला लागतच नव्हते," मी म्हणालो. "वायर सैल होती. अकरा वेळा वाजलं तरी ताण येत नव्हता. आईने कितीही ओढला असता तरी उपयोग नव्हता. गाडी नुसत्या गिअरवर उभी होती, रोजच."

"कोणी केली सैल?"

"मी. फार वर्षांपूर्वी, क्लासमध्ये असताना. मग घट्ट करायची विसरलो आणि गाडी तुम्हाला दिली."

तिने थोडा वेळ विचार केला. पोरं विचार करतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत दिसतं, कुठपर्यंत पोचली ते. मी ती पुढच्या प्रश्नापर्यंत पोचायची वाट बघत बसलो.

"मग आता पाच कसे?"

"मी घट्ट केली. दुसऱ्या दिवशी."

"आईला माहितीये?"

"नाही."

"बाबांना?"

"नाही."

"आज सांगायला आला होतात?"

"नाही," मी म्हणालो. "आज मी फक्त हँडब्रेक कसा चालतो ते सांगून परत जाणार होतो."

गाडीचं दार तिनेच लावलं, मी उतरल्यावर, आणि माझ्या पुढे दुकानात गेली.

भाची तोवर खाली आली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, रविवारीही अर्धा दिवस असतो, त्यामुळे निघायच्या घाईत होती. "काय म्हणते? बसली का?" तिने मला विचारलं.

मी उभ्यानेच सांगितलं. नट, लायनर, माझा पायाखालचा ब्रेक, दुसऱ्या क्लासवाल्याला सांगितलेली युक्ती, दहाचा पाना. काही गाळलं नाही. सांगताना मला जाणवलं की मी ते फार पद्धतशीर सांगतोय, वर्गात सांगावं तसं, आणि मी मध्येच थांबलो. बाकी सांगायचं काही राहिलंही नव्हतं.

जावयांची सुई कापडात अर्धी घातलेली तशीच राहिली.

"मी तिला मारलं, मामा," भाची म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रस्त्यात. सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि तुम्ही रोज येत होता. परवा तर मी तुमच्यापुढे रडले. कदाचित मीच नीट ओढला नसेल म्हणून. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

आठवत होतं. मी म्हणालो होतो, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पहिलं चुकलं ते विसरण्यात. दुसरं विसरून नाही झालं."

"नाहीच झालं."

जावयांनी सुई काढून उशीला टोचली. "मी गठ्ठे ठेवतो तेव्हा फिरकी माझ्या शेजारी उभी असते," ते म्हणाले. "एक-एक हातात देते. त्या दिवशीच गाडीत बसली. हिची आई एखाद्या दिवशी गिअर टाकायला विसरली असती, आणि मागे मी नसतो, ही असती, तर मामा?"

हे मी नऊ दिवस रोज डोळे मिटले की पाहिलं होतं. त्यात खांब तोच होता. मी त्यांना तसं सांगितलं नाही. सांगून त्यांच्या डोळ्यांपुढेही ते का उभं करायचं?

"काही दिवस येऊ नका," भाची म्हणाली. "मी सांगेन कधी यायचं ते. आणि त्या दुसऱ्या क्लासवाल्याला आजच्या आज फोन करा."

"करतो."

मी वळलो तर फिरकी दारातच होती. तिच्यापुढे वाकायला मला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. "तुझीही माफी मागायचीय," मी म्हणालो.

"माझी कशाला? माझा पाय नाही मोडला."

"मला माहीत होतं आणि मी तुला नऊ दिवस तसंच वाटू दिलं. त्याची."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नाही कळलं," असं ती म्हणेल आणि मला दुसऱ्या बाजूने सांगता येईल, असं मला वाटलं. तिने तसं म्हटलं नाही. तिला कळलं होतं. माझ्या बाजूने वळसा घालून ती बापापाशी गेली आणि बाकाला गुडघे टेकून उभी राहिली.

"बाबा, पण मी क्लच दाबला होता."

"हो."

"गिअर पण काढला."

"हो. ते करायला नको होतं."

"तुम्ही मला रागावलाच नाहीत."

बापाने कधी तिला आवाज चढवून काही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि या नऊ दिवसांत तर तो तिच्याशी काचेच्या भांड्याशी बोलावं तसं बोलत होता. त्याने मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला.

"रागावू?"

"थोडं."

"मोठं माणूस गाडीत नसताना कशाला हात लावायचा नाही, हे तुला किती वेळा सांगितलंय?" तो म्हणाला. आवाज खरंच कडक होता. "किती वेळा? कान आहेत की बटणं लावलीत? पुन्हा कधी दिसलीस त्या सीटवर तर दहावी होईपर्यंत शाळेत चालतच पाठवेन. कळलं का?"

"कळलं," ती म्हणाली, आणि तिने भोकाड पसरलं. नऊ दिवस ती रडली नव्हती, हे मला भाचीच्या चेहऱ्यावरून कळलं. भाचीने खांद्यावरची पर्स खाली टाकली आणि जमिनीवर बसून पोरीला ओढून कुशीत घेतलं.

मी चपला घातल्या. मला कोणी थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. रस्त्यावर किराणावाला पोती लावत होता. "काय मास्तर, सापडला का बिघाड?" त्याने विचारलं.

"सापडला," मी म्हणालो, आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून दुसऱ्या क्लासवाल्याचा नंबर शोधू लागलो. चष्मा धूसर झाला होता, त्यामुळे वेळ लागला.